सूनबाईंचं व्याख्यान

कॉलेजच्या सभागृहाबाहेर रांगेत माझ्यापुढे पांढऱ्या केसांच्या दोन मैत्रिणी होत्या.

"तुझी सून प्राध्यापक झाली, फलकावर फोटो लागला, आणि मला आज सांगतेस?"

"आज तिचं व्याख्यान आहे. विषय वाच."

"‘सासूचं मौन : एका घराचा अभ्यास’. अगं बाई! कुणाचं घर गं?"

"अभ्यासात नावं बदलतात म्हणे."

"मग तिलाच विचारायचं!"

"कसं विचारू? उन्हाळ्यापासून मी तिच्याशी बोलत नाही."

"आणि आमंत्रण?"

"फ्रिजवर चिकटवून गेली."

"मग बसायचं घरीच, ठसक्यात!"

"बसले असते. पण मी का बोलत नाही, ते तिला कळलंय का, एवढं ऐकायचंय."

"आणि नसेल कळलं तर?"

"शेवटी श्रोत्यांना बोलायला देतात ना?"