शहाऐंशी नोंदी

(शहादा. ट्रस्टच्या दवाखान्यातली सर्व्हरची खोली, सकाळचे दहा. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रोहिणी आणि संगणक सांभाळणारा तौहिद. परिचारिका सरलाबाई मागाहून येतात.)

रोहिणी : दोन्ही सर्व्हर चालू दिसताहेत. मग नोंदी गेल्या कुठे?

तौहिद : काल दोन्ही एकदम चालू होते, तोच घोटाळा झाला मॅडम. एकच चालू पाहिजे होता.

रोहिणी : मला समजेल असं सांगा.

तौहिद : बघा. आपला नोंदींचा सर्व्हर व्हर्च्युअल आहे. आज या मशीनमध्ये चालतो. हे मेलं, तर त्या मशीनमध्ये उठून उभा राहतो. पण डेटा दोघांचा एकच, त्या खालच्या स्टोरेजमध्ये. काल दुपारी दोघांमधली वायर ढिली झाली. दुसऱ्याला वाटलं, पहिला मेला. तोही उठला. आणि पहिला तर जिताजागता!

रोहिणी : मग दोघंही लिहीत बसले.

तौहिद : एकाच पानावर, एकमेकांच्या अक्षरावर. संध्याकाळपर्यंत.

रोहिणी : बॅकअप?

तौहिद : रविवारचा. त्यानंतरचं काही वाचता येत नाही. तीनदा करून बघितलं.

रोहिणी : तौहिदभाई, सोमवारी मोलगीचं सिकलसेलचं शिबिर होतं! शहाऐंशी माणसं. निकाल यंत्रातून थेट इथेच येतात, कागद नाहीच. रक्ताचे नमुनेसुद्धा काल नष्ट केले आम्ही.

सरलाबाई : मॅडम, मोलगीना रिपोर्ट द्या. जीप उभी शे.

रोहिणी : सरलाबाई, रिपोर्ट नाहीत.

सरलाबाई : नहीत म्हणजे? मी सोता रक्त लिधं ना!

रोहिणी : संगणकातून गेले. परत घ्यावं लागेल.

सरलाबाई : परत? धनुबाईले सातवा महिना शे. डोंगर उतरीसन पायी उनी बिचारी. हात पुढे करे ना. मी तिले सांगं, एकदावच टोचसू, तुन्हा लेकरूना कामले ई. आते काय तोंड लिसन जाऊ मी?

रोहिणी : ऐकलंत, तौहिदभाई? सर्व्हर बसवताना तुम्हीच म्हणाला होता, दोघं एकदम स्टोरेजला हात लावूच शकत नाहीत. कुलूप आहे म्हणून.

तौहिद : होतं. एकाला शंका आली की त्यानं आधी दुसऱ्याची वीज तोडायची, मगच स्टोरेज उघडायचं. ते मी काढलं.

रोहिणी : का?

तौहिद : मे महिना आठवा. व्होल्टेज खालीवर, आणि त्या कुलपापायी चांगला चालणारा सर्व्हर रोज बंद. तुम्ही फोनवर काय म्हणालात? ‘काहीही करा, पण बंद पडता कामा नये.’ नाही पडला बघा बंद!

रोहिणी : म्हणाले होते. पण काढलं तर काय होईल, ते तुम्ही सांगायचं होतं.

तौहिद : सांगितलं असतं, तर ऐकलं असतं?

रोहिणी : नसतं ऐकलं. रांगेत चाळीस माणसं उभी होती.

सरलाबाई : तुम्ही दोन्ही मंग भांडन करी ल्या. त्या लोकेस्ले काय सांगू, ते सांगा.

रोहिणी : सांगा... तांत्रिक अडचण आली म्हणून.

सरलाबाई : त्याले पावरीमा, त्यास्नी बोलीमा, काय म्हंतस, मॅडम?

तौहिद : मी येतो तुमच्याबरोबर. कुलूप मी काढलं, तेव्हा मीच सांगेन.

रोहिणी : मीही येते. एकट्यानं कशाला ऐकून घ्यायचं? पण आधी ते कुलूप लावा. दिवसातून दहादा बंद पडलं तरी चालेल.

तौहिद : सकाळी आल्या आल्या लावलं.

सरलाबाई : बोलानं काम मी देखसू. तुम्ही एक काम करा, भाऊ. तठे बठ्ठा लोकेस्ना देखत पहिला हात तुमना पुढे करा.

तौहिद : माझा? सरलाबाई, सुईची मला फार भीती वाटते हो.

सरलाबाई : त्यास्लेबी वाटस.