निळी दोरी

मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंप्यानं कात्री धरून बधिर झालेला अंगठा चोळत कान टवकारले. शेजारी पेशंटची थोरली बहीण आणि बायको बसल्या होत्या. पेशंट आत सलाईनवर होता.

"डॉक्टर म्हणाले, रोगांशी लढणारी अंगातली फौजच यांच्या मेंदूवर उलटली. म्हणून हात उडायचा, काही लक्षात राहायचं नाही."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हण की."

"आणि आपण म्हणालो, पितात."

"हातातून कप पडायचे, बोलता बोलता तोंड वाकडं व्हायचं. कुणालाही तसंच वाटलं असतं."

"त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, ताई."

"आणि तो हात तिथंच उडाला! तेव्हा खोटारडा म्हणून तूच ओरडलीस."

"ओरडले. पण व्यसनमुक्तीच्या गाडीत घालताना बांधलंत तुम्ही."

"फॉर्मवर सही कुणाची होती?"

"तीन महिने झटके येत होते, ताई. तिथले म्हणायचे, दारू उतरतेय."

"झालं गेलं, आता औषध लागू पडलंय ना? आणि त्याला त्यातलं काहीच आठवत नाही, हे नशीब समज."

दार उघडलं. सलाईन संपवून, पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन पेशंट बाहेर आला. थेंबही सांडला नव्हता.

"बघ ताई, हात उडत नाही आता."

"दृष्ट नको लागायला. बस रे बाळा."

तो बसला, सावकाश पाणी प्यायला.

"ताई, मला बांधलं होतंस ती दोरी कपडे वाळत घालायचीच होती ना? निळी?"