कारवान कुत्रा न्यायचा तर

—नाय रे, उपाशी नाय ठेवला. बरगड्या दिसतात म्हणून म्हणतोस ना? कारवानाच्या दिसायच्याच. पोटभर खाल्लं तरी दोन-तीन मोजता आल्या पायजेत, नायतर समज, सुस्तावला. सकाळी ताक-भाकरी, संध्याकाळी परत थोडं, जमलं तर अंडं — आणि खाल्ल्यावर पळवायचा नाय, पोट पिळतं. माझा सूरज सांगायचा हे सगळं. त्यानंच आणला ना, सांगलीकडनं, पिशवीत घालून, एवढासा व्हता. म्हणला, "आये, शेरडांवर बिबट्या येतोय, राखणीला ठेव." आणि स्वतः गेला मुंबईला. आता राखणीला म्हणशील तर हा बाज्या धड भुंकत पण नाय! शिकारीची जात — डोळ्यानं बघायचं आणि सुटायचं. बस त्या घोंगडीवर, बस. बिरवाडीवरनं वरंध, तिथनं हा चढ — दमला असशील. दीपेश ना रे तू, कुत्रा न्यायला येणारा?

खोली एकच हाय म्हणालास. चालंल. घरात लय गरीब असतो, कोपऱ्यात पडून राहील — पण खाली गोणपाट टाक, नुसत्या लादीवर ह्याची कोपरं सोलतात. अंगावर मांस नाय, केस नाय, थंडी वाजते. आणि ओरडायचं नाय त्याच्यावर, दोन दिवस जेवत नाय मग, असला मानी. रस्त्यावर दोरी सोडू नको! मांजर पळालं की हा पळाला, मग तू कितीबी बोंबल. म्हणजे — आता कुठं एवढा पळतोय म्हणा.

पाय? तो... दगडावरनं घसरला, पावसात. काय? मगाशी मीच शेरडानं मारलं म्हणाले? हां... तसं पण झालं व्हतं. तू चहा घे. कोराच हाय, शेरडं आटलीत.

जाऊ दे. ह्या वयात कशाला खोटं बोलू. घसरला नाय, कुणी मारलं नाय. मी लोढणं बांधलं. लोढणं म्हाईत नाय? अरे, वांड गुराच्या गळ्यात ओंडका अडकवतात, पुढच्या पायांमधी लोंबतो, मग पळता येत नाय. हा रोज सशामागं, एकदा तर भेकरामागं गेला. वनखात्याचा माणूस आला न म्हणाला, आजी, शिकार झाली तर केस तुमच्यावर. मी एकटी काय करणार? आम्हा डोंगरातल्या माणसांना पळणाऱ्या जनावरावर एकच इलाज ठाऊक. बैलाला बांधलं, पाड्याला बांधलं, तसं ह्याला बांधलं. बैल दोनदा ठेचकाळतो न थांबतो. ह्याला थांबणं कुठं म्हाईत? तिसऱ्या दिवशी ससा उठला न हा ओंडक्यासकट सुटला... हाड मोडल्याचा आवाज मी इथं अंगणात ऐकला. विव्हळला पण नाय. बांबूच्या कामट्या बांधल्या, पण सांधलं वाकडं. सूरजला अजून सांगितलं नाय. फोनवर विचारतो, आये, बाज्या पळतो का? पळतो म्हणते.

ओंडका त्याच दिवशी चुलीत घातला. पण हा — सकाळी शेरडं सोडायला उठले का माझ्या पुढ्यात येऊन उभा राहतो. मान खाली घालून. बांध म्हणून. रोज, एक दिवस चुकवत नाय. चावला असता तर बरं वाटलं असतं मला. गुडघे दुखतात, फिरवायला होत नाय म्हणाले ना तुला — ते निमित्त हाय रे. मला बघवत नाय, म्हणून देतेय. लंगडा नको असंल तर तसं सांग, चहा पिऊन जा. मी रागवायची नाय.

...नेतोस?

बरं. मग ऊठ, ऊन चढायच्या आत उतरा. ही घे दोरी. चल रे बाज्या, ये... बघ. बघ, घातली मान खाली — नको! गळ्यात नको बांधू, छातीवरनं घे, छातीवरनं! ...हां. असं. जा आता. मागं बघंल तो, तू थांबू नको. जा म्हणते ना.