आमदारांनी काय केलं?

राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली, त्यानंतरची निवडणूक. मुरारच्या बसमध्ये माझ्यापुढे माधवगंजातले सूर्याजीराव आणि इंदुताई बोलत होते.

"ताई, यंदा त्यांना मत नको. आमदार होऊन केलं काय त्यांनी?"

"काय करायला हवं होतं, सूर्याजीराव?"

"पूर्वी संस्थानात सरदार शब्द टाकायचे, पोर नोकरीला लागायचं. हे म्हणतात, परीक्षा द्या!"

"मग तुमच्या मधूनं दिली?"

"दिली. नापास झाला."

"जागा कुणाला मिळाली?"

"आमचे घोडे सांभाळणाऱ्या सईसाच्या पोराला."

"पहिला आला ना तो?"

"हो."

"सरदारांच्या वेळी लागला असता?"

"...नसता."

"मग आमदारांनी काय केलं, ते तुम्हीच सांगा."

"कंडक्टर, गाडी रोको!"

"अहो, मुरार अजून लांब आहे."

"चालत जातो, ताई."