कोरा चहा आणि भाजलेलं रताळं

न्हाय न्हाय, दूध नका घालू, इंदुताई — ठेवा ती लोटी तिकडं. दूध घातलं की च्या मुका होतोय. मागल्या बाजारादिवशी तुम्ही आमच्या गल्लीत स्टो पेटवून समद्या बायकांस्नी कंपनीचा च्या वाटलासा न्हवं, तवा माझी पाळी येईपतूर दूध संपलं, म्हणून मला कोरा मिळाला — आणि तीच माझी चैन झाली बघा. बायाक्कानं कोऱ्याचा एक घोट घेऊन थुकला, बाळंतिणीचा काढा हाय म्हणाली! मी मात्र तोंडात धरून बसले. आधी जिभंच्या शेंड्याला काय न्हाईच — मग कडंकडंनं कडू — आणि गिळल्यावर घशातनं परत वर येतंय ते, वाळल्या गवताला ऊन लागल्यागत — कशाचं म्हणायचं ते? बसा वं, हितं मागाच्या कट्ट्यावर बसा. मी मागाच्या खड्ड्यातनं वर येत न्हाय, राग मानू नका, लुगड्याचा ह्यो काठ आज सरकायला पायजे. हात चालू दे, तोंडबी चालू दे. आणि जरा हळू बोला — मधल्या खोलीत आमचं मालक पडल्यात. निजलं असतील. न्हाय — निजत कुठं असत्यात. डोळं मिटून पडत्यात.

तर तुमच्या कंपनीच्या साहेबाला खरंच सांगितलासा? त्या क्यांपातल्या? की शापुरात एक कोष्टीण हाय, तिला च्यासंगं काय खावं त्ये कळतंय म्हणून? अगं बाई! काय म्हणाला? — थांबा, नंतर सांगा, आधी खावा. ह्या शेंगा घ्या, भाजलेल्या. दोन चावा आणि त्यावर घोट. — हां! गोड लागला का न्हाय? साखरंचा कण न्हाय हां त्यात. त्या खव्याच्या गोड कुंद्याला हात लावू नका. आमच्या दिरानं, शामूनं आणलाय, चांगला हाय, पण त्यावर कोरा च्या प्यालासा की च्या बी गेला आणि कुंदा बी गेला. लसणाची चटणी तर न्हाईच — गरम घोट पडला की नुसता जाळ. जुंधळ्याची भाकरी चालती, पण कडंची, करपलेली, कडकडीत, आणि बुडवायची न्हाय. आणि आता ह्ये. रताळं. निखाऱ्यात भाजलंय सकाळी. माझ्या म्हायेरचं, बेळगुंदीचं, तांबड्या मातीतलं — भाऊ आणून टाकतोय, जोतिराम. साल समदी सोलू नका, जळकी जरा ऱ्हाऊ द्या. चावा — गिळू नका — आता घोट घ्या. ... बघा, दुसरा घास घेतलासा. मी बी असाच घेतलता.

निपाणी? आणि संकेश्वर, चिकोडी — समदीकडं तुमच्यासंगं मोटारीनं? बाजारात उभं ऱ्हाऊन बायकांस्नी च्या पाजायचा आणि काय खावं ते दावायचं — ही नोकरी? मला वाटलं साहेब नुसता हसला असंल. न्हाय वं, मला कुठली गावं ठावं हाईत. बेळगुंदीस्नं लगीन करून गाडीत बसून आले ते ह्या खड्ड्यात पाय सोडले. तुम्ही म्हणता मोटारीपतूर न्यायला टांगा कोपऱ्यावर हुबा हाय — मला हितनं कोपरा दिसत न्हाय. ह्या खिडकीतनं दिसत्यात ती माणसांची पावलं. कोण आलं, कोण गेलं, मी भेगांवरनं आणि चपलांवरनं वळखते. तुमच्या पायात बूट दिसलं म्हणून तर त्या दिवशी मान वर केली.

भ्या कशाचं? भ्या न्हाय. मी एकदा गेलते की — घर सोडून. — ह्ये सांगायचं न्हवतं. तुम्ही खावा. ... आता निघालंच तोंडातनं तर ऐका. माझी आई बेळगुंदीला वारली, अवचित. जोतिरामानं सांगायला माणूस धाडला. मालक दारात हुबं होते, त्यांनी निरोप घेतला, माणसाला तिथनंच वाटंला लावलं — आणि मला सांगितलं न्हाय. का? तर मागावर लग्नाचं लुगडं होतं, पदर विणायचा राहिलता, आणि पदर माझ्याच हाताला येतोय. मी विणत बसले. गाणं म्हणत होते वं, इंदुताई! आई तिकडं जळत होती आणि मी हितं गाणं म्हणत होते, आणि ह्यो माणूस दारात बसून ऐकत होता. लुगडं उतरलं, घडी घातली, मग मला नावानं हाक मारून म्हणाले — ‘राजा, तुझी आई गेली. राखबी सावडून झाली.’ एवढंच. घडी काखंत मारली आणि खडेबाजारला गेले.

मी रडले न्हाय. गठुडं बांधलं आणि भाईर पडले. परत यायचंच न्हाय म्हणून पडले. गल्लीच्या तोंडाला गेले तर म्होरनं माणसं गाडीत कुणाला तरी घालून आणत्यात. मालक. बाजारात टांग्याचं घोडं बुजलं, चाक कमरंवरनं गेलं. शुद्धीवर होते. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या काखंतल्या गठुड्याकडं बघितलं. त्या गठुड्यावरनं एक शबूद बोलले न्हाईत — आजपतूर न्हाय. मी त्याच गाडीमागनं चालत परत आले, गठुडं सोडलं, आणि चुलीवर पाणी ठेवलं. दुसरं काय करणार? तवापासनं कमरंखाली जीव न्हाय त्यांच्या. शामू नेतो म्हणतोय वडगावाला, न्हाय असं न्हाय — पण कुठं ठेवणार म्हणून इचारलं तर म्हणाला, गोठ्यात खाट टाकतो.

पण मी म्हणते, इंदुताई — जोतिरामाची बायकू येऊन ऱ्हाईली तर? नेहमीचं न्हाय, बाजाराच्या बाजाराला. तेवढं मालकांचं ती करंल की. तोंडानं खारट हाय, पण हातानं गोड हाय. काल, खोटं कशाला बोलू, मी बोलून बघितलं, एकटीच — ‘आधी घास, मग घोट, आणि दूध न्हाय बायांनो’ — माझं मलाच हसू आलं. आणि माझ्या अंगावरचं ह्ये लुगडं बघितलासा का? ठेवणीतलं हाय. खड्ड्यात बसल्यावर कोण बघतंय म्हणा. मोटार कवाची म्हणालासा? आत्ताचीच? मग मी बाजूच्या रुक्माबाईला हाक मारते, आजच्यापुरती ती बसंल त्यांच्यापाशी — न्हाय म्हणायची न्हाय ती — हात धरा माझा, वर येते, पाय आकडल्यात —

आं? ... आले! आले वं! — ऐकलासा? मालक च्या मागत्यात. कवा मागितला न्हवता, वास गेला असंल. द्या ती बशी. कोराच वता. आणि रताळ्याचा तुकडा द्या एक. बसा तुम्ही, उठू नका, ही आले.

...

हाईसा न्हवं अजून. न्हाय, काय झालं न्हाय. प्याले. बशीनं पाजला, रताळं कुस्करून भरवलं. चांगलं लागतंय म्हणाले. मग भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले — ‘राजा, जा तू. मोटार चुकंल. शामूला निरोप दे, मला घेऊन जा म्हणावं.’ समदं ऐकलंय. मी बारीक आवाजात बोलले ते बी. गोठा ठावं हाय त्यांना — तरी म्हणाले. आणि माझ्या आईचं नाव घेतलं. चुकलं म्हणाले न्हाईत, नुसतं नाव घेतलं तिचं, सत्यवती म्हणून.

तुम्ही कशाला डोळं पुसता? मला शिवी दिली असती, बशी फेकून मारली असती, तर मी तुमच्या म्होरं चालत गेले असते, इंदुताई. आता कशी येऊ? तुम्हीच सांगा — ‘जा’ म्हणाल्यावर कशी जाऊ?

न्हाय, इचार करायचा न्हाय. पुढल्या खेपंला बी न्हाय. दुसरी बघा कुणीतरी, निपाणीत मिळंल. उठा. टांगेवाला वरडायला लागलाय. सांभाळून, उंबरा उंच हाय. — आणि तो च्याचा डबा न्या. राहिला असंल तेवढा न्या, हितं ठेवू नका. न्या म्हणते न्हवं! ... जावा.