धरायला एक दांडा

...नाही, तुम्हीच सांगा, दांडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दांडाच ना? भिंतीला लावलेला, स्टीलचा, धरायचा आणि उठायचं, एवढंच? मग झालं तर! म्हणजे तुम्ही शहाणी माणसं आहात आणि तुमच्या घरात आर्किटेक्चरला शिकणारं कुणी नाही. माझ्या घरात आहे. माझी मुलगी. ती एकटी असती तर मी चकार शब्द काढला नसता हो, पण त्या कॉलेजात एकटं असं कुणी नसतंच, जो तो कुठल्या तरी क्लबात असतो, आणि जो क्लबात असतो तो अध्यक्ष असतो! साधा सदस्य मला आजपर्यंत भेटलेला नाही.

तर झालं काय, की आमची आई बाथरूममध्ये घसरली. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, स्टुलावरून उठताना तोल गेला, तिनं नळ धरला आणि नळ हातात आला! आम्ही धावत गेलो तर आई खाली बसलेली, हातात नळ, भिंतीतून कारंजं, आणि वर मलाच म्हणते, "ओरडू नकोस, पडले नाहीये, बसलेय." या वयात हाड मोडलं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. म्हटलं, प्लंबरला बोलवू आणि धरायला एक दांडा लावून टाकू. तर मुलगी म्हणते, "बाबा! घरात मी असताना प्लंबर?" मला काय, कौतुक वाटलं. बापाचं मन! म्हटलं, लाव बाई तूच.

लाव म्हटलं होतं मी. कॉलेजात जाऊन सांग असं म्हटलं नव्हतं!

रविवारी सकाळी मी खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघालो, तर आमच्या बाथरूममध्ये ही गर्दी. मुलगी म्हणाली, "बाबा, साइट व्हिजिट आहे." साइट? माझं बाथरूम? एक जण बादलीवर उभा, एक जण जमिनीवर आडवा पडून फोटो काढतोय, एक मुलगी भिंतीला कान लावून उभी. आणि त्यांचा म्होरक्या, केसांचा बुचडा बांधलेला, त्याला मी मनातल्या मनात बुचडाच म्हणतो, तो आईसमोर मांडी घालून बसलेला, आणि विचारतो काय, "आजी, आंघोळ म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय?"

आई म्हणाली, "अंग धुणं."

आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं हो!

आता माझं चष्म्याचं दुकान आहे. माणूस येतो, म्हणतो अक्षरं दिसत नाहीत, मी नंबर काढतो, भिंगं घालतो, तो चष्मा लावून घरी जातो. मी कधी त्याला विचारलंय का, की पाहणं म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय? तो खुर्चीतून उठून पळून जाईल! पण इथं आई रंगात आली. आपण बोललेलं कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर ती थेट लहानपणी गेली, विहिरीवर गेली, बहिणींनी एकमेकींच्या डोक्यावर ओतलेल्या घागरींवर गेली, आणि ती पोरं आ वासून ऐकतायत. मी टॉवेल घेऊन तसाच उभा. मागितलं काय होतं? एक दांडा!

बरं, सगळे एका क्लबाचे असते तरी निभावलं असतं. नाही! प्लंबर आला, मीच बोलावला होता गुपचूप, त्यानं ड्रिल काढलं मात्र, भिंतीला कान लावणारी ती मुलगी आडवी आली. ती वारसा जतन क्लबाची अध्यक्ष. "काका, ही टाइल आता कुठेच बनत नाही! हिला भोक पाडणार तुम्ही?" अगं बाई, ती टाइल मी घेतली कारण दुकानदाराकडे पडून होती, आणि पडून होती कारण ती कुणालाच आवडत नव्हती! तर म्हणते, "म्हणूनच दुर्मीळ आहे." घ्या! तेवढ्यात हरित क्लबाचा अध्यक्ष म्हणाला, स्टील नकोच, बांबू लावू. बांबू बाथरूममध्ये कुजेल म्हटलं, तर शांतपणे म्हणतो, "कुजणं ही पण एक प्रक्रिया आहे, काका." अरे, पण ती प्रक्रिया धरून माझी आई उठणार आहे ना! प्लंबरनं चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, म्हणाला, "तुमचं ठरलं की फोन करा," आणि गेला.

मग उगवला मॉडेल क्लब. यांचं म्हणणं, आधी प्रतिकृती करून बघायची. मला वाटलं, काडेपेटीएवढी काहीतरी करतील, करू देत. दुकानातून घरी आलो, दार उघडलं... आणि हॉलमध्ये बाथरूम! पुठ्ठ्याचं, खऱ्या मापाचं, हुबेहूब! पुठ्ठ्याचा नळ, पुठ्ठ्याची बादली, आणि पुठ्ठ्याच्या भिंतीवर, ज्या जागी हवा त्या जागी, दांडा! म्हणजे बघा, ज्या खोलीत आंघोळ करतात तिथं दांडा नाही, आणि ज्या खोलीत टीव्ही बघतात तिथं दांडा आहे. टीव्ही त्या भिंतीच्या पलीकडे गेला, बातम्या नुसत्या ऐकायच्या. आमच्या हिनं दोन दिवस आदळआपट केली आणि तिसऱ्या दिवशी त्या भिंतीवर ओले कपडे वाळत घातले. ती बाई परिस्थितीशी जुळवून घेते. मला जमत नाही.

आणि रोज संध्याकाळी कार्यक्रम सुरू! आई पुठ्ठ्याच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसणार, बुचडा एका कोपराशी, टाइलवाली दुसऱ्या कोपराशी. "आजी, उठा आता. सावकाश. उंची कशी वाटते?" आई उठणार, डोळे मिटून विचार केल्यासारखं करणार आणि सांगणार, "बोटभर खाली आहे." झालं! पोरं दांडा काढणार, बोटभर वर चिकटवणार, वाळेपर्यंत आईच्या गोष्टी ऐकणार. दुसऱ्या दिवशी आई म्हणणार, "आता बोटभर वर झालाय रे." पुन्हा काढा, पुन्हा चिकटवा, पुन्हा गोष्टी! खऱ्या आंघोळीच्या वेळी बाहेर कुणी उभं राहायचं यावरून क्लबांची भांडणं. "काल तुमचा नंबर होता, आज आमचा!" मी म्हटलं, "आई, अगं परवा जिथे होता तिथेच आलाय तो दांडा." तर माझ्याकडे बघायलाही तयार नाही. म्हणाली, "तुला त्यातलं कळत नाही. तू चष्मे कर."

सगळ्या क्लबांनी मिळून तिला मानद अध्यक्ष केलं. हो! माझी आई अध्यक्ष! घरात सदस्य उरलो फक्त मी.

पण तुम्हाला सांगतो, एक दिवस दुपारी मी घरी होतो, पोरं कॉलेजात, आणि खऱ्या बाथरूममधून धप्प असा आवाज आला. पळत गेलो, तर बादली पडली होती. नुसती बादली. पण मी तिथंच दाराला टेकलो. म्हटलं, बास! खड्ड्यात गेली ती उंची. दोनच दिवसांनी त्यांच्या कॉलेजात वार्षिक प्रदर्शन होतं, पुठ्ठ्याचं बाथरूम आणि आईला, दोघांनाही टेम्पोत घालून ते घेऊन गेले. आई ड्रायव्हरशेजारी बसून हात हलवत गेली. मी ताबडतोब प्लंबरला फोन केला. तो आला, ड्रिल काढलं, आणि तोसुद्धा थांबून मला विचारतो, "साहेब, पण आजींना विचारलंत का?" याला कुठल्या क्लबानं धरलं होतं देव जाणे! मी म्हटलं, "पाड भोक!"

चहा उकळायच्या आत दांडा लागला. स्टीलचा. मी स्वतः लोंबकळून पाहिला.

संध्याकाळी सगळे परत आले. टाइलवाली पुढे झाली, त्या भोकाशेजारी हात ठेवला, डोळ्यांत पाणी. आईनं दांडा धरला, बसली, उठली. एकटी, कुणीही कोपर न धरता. "छान आहे," म्हणाली. बुचडा म्हणाला, "काका, उंची बरोब्बर आहे हो." पुठ्ठे खाली टेम्पोतच होते, ते घेऊन पोरं गेली. माझा जीव भांड्यात पडला. टीव्ही दिसला. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. का येतील? काम झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मुलगी उशिरा यायची, तिचे क्लब आता दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्यात अडकले होते. आणि आई... आई हॉलमध्ये जिथं ते पुठ्ठ्याचं बाथरूम होतं ना, तिथंच स्टूल टाकून बसायची. टीव्ही लावला तर म्हणायची, लाव तुला हवा तर. आंघोळ करून यायची, न घसरता, न हाक मारता. चार दिवसांनी मी सहज आत डोकावलो, तर दांड्यावर तिचा टॉवेल वाळत घातलेला. म्हटलं, "आई, धरतेस ना तो?" तर म्हणाली, "धरते रे. पण जरा बोटभर खाली झालाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला हो. एवढे दिवस मी चिडचिड करत होतो, की ही बाई उंची का ठरू देत नाही, आणि दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्या मला समोरचं दिसलं नव्हतं. तिला दांडा हवा होता, नाही असं नाही. पण एकदा दांडा लागला की कोपर धरायला कोण येणार?

मग काय करतो? मी, स्वतःच्या तोंडानं, मुलीला म्हणालो, "तुझ्या त्या अध्यक्षांना जरा बोलाव. म्हणावं, गॅलरीत आजीला बसायला एक बाक हवाय." मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, की बापाचं डोकं ठिकाणावर आहे ना! पण बोलावलं.

तर सध्या आमच्या हॉलमध्ये गॅलरी आहे. पुठ्ठ्याची. खऱ्या मापाची, कुंड्यांसकट. टीव्ही परत गेला भिंतीआड. बुचडा विचारतोय, "आजी, बसणं म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय?" आणि आई सुटलीये, तिच्या काकूच्या झोपाळ्यापासून.

मागितलं काय होतं? एक बाक! झालाय म्हणा तसा. पुठ्ठ्याचा का होईना, चांगला झालाय, मी बसून पाहिला.

पण आई म्हणते, बोटभर खाली आहे.