ऑर्व्हिल डेलफॉस आणि बूयाची कढई

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या पक्षाच्या शार्लिए काउंटी शाखेच्या नव्या अध्यक्ष माननीय डोरीन मसार्त, आजचे सत्कारमूर्ती आणि कालपर्यंतचे अध्यक्ष माननीय ऑर्व्हिल डेलफॉस, वॉशिंग्टनहून येणाऱ्या राष्ट्रीय प्रतिनिधींसाठी मांडलेली आणि अजून रिकामीच असलेली ही खुर्ची, सभागृहातल्या बंधू-भगिनींनो, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकणाऱ्या मंडळींनो, तुम्हीही आत या. बटाटे कुठे पळून जात नाहीत.

आम्हाला नन्सच्या शाळेत सिस्टर लिओकेडिया वक्तृत्व शिकवायच्या. त्या म्हणत, "मार्सेला, भाषणाला उभी राहिलीस की आधी देवाचे आभार मान, मग अध्यक्षांचे, आणि मग ज्याने हॉल झाडला त्याचे." देवाचे मानले, डोरीनचे मानले. हॉल कोणी झाडला याची मी चौकशी केली. ऑर्व्हिलनेच झाडला. स्वतःच्या निरोपाला! आता या माणसाला निरोप द्यायचा तरी कसा, तुम्हीच सांगा.

यापुढे मी त्याला "माननीय" म्हणणार नाही. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्या वेणीची रिबन शाईच्या दौतीत बुडवायचा. अशा माणसाला अहो-जाहो करताना जीभ अडखळते.

तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, की माझा नवरा लिओ बोडविन आणि ऑर्व्हिल ऑगस्टपासून एकमेकांशी बोलत नाहीत. साठ वर्षांची मैत्री. आज लिओ आलाय. तो बघा, शेवटच्या रांगेत, कोट अंगातच ठेवून बसलाय, म्हणजे केव्हाही उठून जाता येईल. त्याच्या बायकोला तुम्ही ऑर्व्हिलच्या गौरवाचं भाषण करायला सांगितलंत. कार्यकारिणीच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.

नव्या सभासदांना ऑगस्टची हकिगत एकेका बाजूने कळली आहे, म्हणून थोडक्यात सांगते. काँग्रेसची, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेतली, आपली ही जागा अनेक वर्षं समोरच्या पक्षाकडे होती. इतकी पक्की, की आपल्याकडून उभं राहायला कोणी तयार नसे. अशा वेळी तीनदा कोण उभं राहिलं? लिओ. गुरांचे लिलाव पुकारणारा माणूस, भाषणाला उभा राहिला की त्याची गाडी सुसाट सुटायची आणि शेवटी तोंडातून निघायचं, "बोला, याहून जास्त कोण देतो?" तीनदा उभा राहिला, तीनदा आपटला. प्रत्येक वेळी वॉशिंग्टनहून एक पत्र यायचं: पक्ष तुमचा ऋणी आहे.

आणि गेल्या वर्षी समोरचे खासदार निवृत्त झाले. जागा मोकळी! जिंकता येण्यासारखी! वॉशिंग्टनकरांना आमचा नकाशा सापडला. त्यांनी तातडीने कळवलं, की उमेदवार आम्ही पाठवतो. जन्मभर जमीन कसायची एकाने आणि आयत्या बिळावर नागोबा यायचा दुसराच! हे वाक्य माझं नाही, लिओचं आहे. मी त्यातले काही शब्द गाळले आहेत.

पाठवलेला उमेदवार म्हणजे श्री. ग्रेडन व्हिटलॉक. दुसऱ्या रांगेत बसले आहेत. ग्रेडन, लाजू नका, तुमच्यापर्यंत येतेच आहे. माजी वैमानिक, उंच, दात सरळ. बेकरीच्या वरची खोली भाड्याने घेतली आणि आपल्या शाखेचे रीतसर सभासद झाले. पक्षातल्या पक्षात आधी निवडून यावं लागतं, त्या प्रायमरीत एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला लिओ. मोठे नेते सगळे त्यांच्याकडे, टीव्हीच्या जाहिराती त्यांच्याकडे. आपल्याकडे काय होतं? घडीच्या खुर्च्या. त्या कोणत्या तळघरात असतात हे फक्त आपल्याला ठाऊक होतं, आणि आम्ही ते सांगितलं नाही. त्यांच्या पहिल्या सभेला लोक उभेच होते. वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात आलं, "जनता उठून उभी राहिली."

प्रायमरीच्या आधीच्या रविवारी आपली सहल होती. पहाटेच चूल पेटली, कढई चढली आणि आपला आचारी एमिल जाडिन ढवळायचं लाकडी वल्हं घेऊन उभा राहिला. व्हिटलॉकसाहेबांच्या प्रचारप्रमुख टेसाबाई दोन फोन घेऊन आल्या. कढईत डोकावून म्हणाल्या, "हे सूप आहे का?"

एमिल म्हणाला, "सूप आजाऱ्याला देतात, बाई. हा बूया. यात कोंबडी आहे, गाईचं शेपूट आहे, कोबी आहे, आणि आमच्या बेल्जियमच्या आज्या-पणज्यांची इज्जत आहे. ढवळणं थांबलं की तळाला लागतो. तळाला लागला की मी गाव सोडतो."

आता वल्ह्याचा आपला रिवाज. वल्हं कोणी कुणाला देत नाही. ढवळणाऱ्याने "मी दमलो" म्हणायचं नाही, कुणाकडे आशेने बघायचंही नाही. शाखेच्या दुसऱ्या सभासदाने आपणहून येऊन "आण इकडे" म्हणायचं, तेव्हा सुटका. वॉशिंग्टनच्या लोकांनी स्थानिक चालीरीतींचा अभ्यास केला होता. पण अर्धाच. वल्हं घ्यायचं कसं हे त्यांनी शिकून घेतलं. ते सुटतं कसं, हे विचारायचं राहून गेलं.

व्हिटलॉकसाहेब पुढे झाले, बाह्या सरसावल्या आणि अगदी आपल्या सुरात म्हणाले, "आण इकडे."

एमिलने त्यांच्याकडे पाहिलं, लिओकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते हसला. "घ्या की, साहेब."

फोटो निघाले. टेसाबाई म्हणाल्या, "झालं, चला. ग्रीन बेच्या विमानतळावर पक्षाचे मोठे नेते उतरताहेत, मंचावर तुम्हाला हात उंचावायचाय." साहेबांनी वल्हं घेण्यासाठी कोणी पुढे येईल म्हणून इकडे-तिकडे पाहिलं. आणि तिथे, बंधू-भगिनींनो, शार्लिए काउंटीचा सगळा पक्ष उभा होता. हात पाठीमागे बांधून.

"छान ढवळताय हो," एमिल म्हणाला.

"मनगटाला काय वळण आहे!" आपल्या डोरीनबाई म्हणाल्या. नाही म्हणू नका डोरीन, मी शेजारीच होते.

"त्या कोपऱ्यात जरा लागतंय," कोणीतरी म्हणालं.

"कढईला कोपरा असतो का?" साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"तुम्हीच शोधा. तुम्ही संसदेत जाणार!"

टेसाबाईंना काय चाललंय ते कळलं. त्यांनी उंच टाचांचे बूट काढले आणि म्हणाल्या, "आण इकडे!" डोरीन त्यांना म्हणाल्या, "तुम्ही शाखेच्या सभासद नाही." "मग करा मला सभासद!" "करू की. अर्जांवर चर्चा महिन्याच्या पहिल्या गुरुवारी."

वल्हं टाकून जायचं? मग बूया लागणार, आणि काउंटीचं जेवण जाळणाऱ्याला इथे कुत्रंही मत देणार नाही. वॉशिंग्टनला फोन गेला. तिकडून हुकूम आला, "सोडू नका! लोक बघताहेत!" खरंच बघत होते, कोणीतरी फोनवरून ते सगळं जगाला दाखवत होतं. दुपारपर्यंत टीव्हीवर तीन विद्वान बसून चर्चा करत होते, की उमेदवार डावीकडून उजवीकडे ढवळतोय याचा अर्थ काय. विमानतळावरचे मोठे नेते रिकाम्या मंचावर स्वतःचाच हात उंचावून परत गेले. पक्षाने जाहीर केलं, की सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे.

ऊन चढलं. साहेबांचा शर्ट आधी अंगाला चिकटला, मग त्याचा रंग बदलला. ते बोलायचे थांबले. आमच्या लोकांचं हसणंही हळूहळू विरळ झालं, पण पुढे कोणी होईना. आता जो पुढे होईल, तो लिओच्या विरुद्ध गेला असं ठरणार होतं. मी झाडाखाली बसलेल्या लिओकडे गेले. "पुरे झालं रे," म्हटलं.

"मी काय त्याला बांधून ठेवलंय?" लिओ म्हणाला. पण अ‍ॅपल पायची बशी त्याच्या मांडीवर तशीच होती. ज्याने आयुष्यात बशीत गोड उरवलं नाही, त्याने एक घास खाल्ला नव्हता.

आणि मग ऑर्व्हिल उठला. लिओच्या उमेदवारीच्या अर्जावर पहिली सही त्याची होती. लिओच्या प्रचाराच्या पाट्या ठोकताना शिडीवरून पडून त्याने बरगडी मोडून घेतली होती. तो सगळ्यांच्या मधून, कुणाकडे न बघता, सावकाश चालत गेला आणि म्हणाला, "आण इकडे."

कॅमेरे लखलखले. संध्याकाळपर्यंत देशभर तो फोटो: काउंटीच्या अध्यक्षांनी लढत स्वतः थांबवली, व्हिटलॉक यांना पाठिंबा! मंगळवारी मतदान झालं. आपल्या चर्चच्या बाकांवर मावतील एवढ्या मतांनी लिओ हरला.

सहलीच्या दिवशीच, गाडीपाशी, त्या दोघांचं शेवटचं बोलणं झालं.

"अजून थोडा वेळ थांबला असतास, तर त्याने वल्हं टाकलं असतं," लिओ म्हणाला.

"बूया लागला असता."

"लागू दे! तीनदा मी मार खाल्ला, ऑर्व्हिल. तीनदा! या वेळी माझी पाळी होती."

"होती रे. पण अख्खी काउंटी जेवायची होती, लिओ."

बस. तेव्हापासून एक शब्द नाही.

त्या संध्याकाळी भांडी मी घासली, लिओने पुसली. वल्हं धुताना मला दिसलं, की दांडा लाल झालाय. व्हिटलॉकसाहेबांच्या तळहातांची सालं निघाली होती. एवढ्या वेळात त्यांनी ते कोणाला दाखवलं नाही. ऑर्व्हिलने मात्र पाहिलं होतं. आणि पाहूनही गाडीपाशी त्याने बूयाचंच नाव पुढे केलं. का? "तुझ्यासमोर एका माणसाच्या हातातून रक्त येत होतं आणि तू बसून राहिलास," हे त्याला मित्राला ऐकवायचं नव्हतं. हरलेल्या मित्राला तर नाहीच.

लिओने ते वल्हं माझ्याकडून घेतलं. बराच वेळ पुसलं. कोपऱ्यात उभं केलं आणि न जेवता झोपायला गेला. त्यानंतर तो ऑर्व्हिलवर रागावलेला आहे असं सगळे समजतात. एकाच घरात राहणाऱ्या बाईला राग कुणावरचा आहे हे ओळखू येतं, एवढंच मी म्हणेन. लिओ, बसून राहा. दाराजवळ बर्फ आहे.

पुढचं तुम्ही जाणता. कार्यकारिणीत ऑर्व्हिलला काढायचा ठराव आला. मतं समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षांचं मत निर्णायक. सगळे त्याच्याकडे बघत बसले. आणि या भल्या माणसाने नियमांचं पुस्तक मिटलं, स्वतःच्या विरुद्ध मत दिलं, निकाल जाहीर केला, सभा संपवली आणि खुर्च्या आवरल्या.

आणि हे सगळं ज्यांच्यासाठी झालं, ते? नोव्हेंबरच्या निवडणुकीत ग्रेडनसाहेब पडले. त्याच रात्री वॉशिंग्टनचे फोन बंद. टेसाबाई दुसऱ्या राज्यात दुसऱ्या उमेदवाराला दुसरं काहीतरी ढवळायला शिकवताहेत. ग्रेडन मात्र इथेच राहिले. त्यांना म्हणे बेकरीचा वास सोडवेना. गेल्या आठवड्यात वॉशिंग्टनहून एक गृहस्थ पुढच्या निवडणुकीसाठी चाचपणी करायला आले, तेव्हा टेबलावर मूठ आपटून पहिला कोण ओरडला? "बाहेरचा उमेदवार आम्ही खपवून घेणार नाही!" ग्रेडन, तो आवाज तुमचाच होता. एमिलला तर भरून आलं.

राष्ट्रीय नेत्यांनी आज सन्मानपत्र पाठवलं आहे. ते ग्रेडनसाहेबांच्या नावाने आहे, आणि त्यात ऑर्व्हिल डेलफॉस या गावाचे आभार मानले आहेत. डोरीन म्हणाल्या, परत पाठवू या. मी म्हटलं, राहू द्या. एखाद्या गावाचं नाव ऑर्व्हिल असायला काय हरकत आहे? मी तिथे राहायला जाईन.

पण सन्मानपत्राने ऑर्व्हिलचं काय होणार आहे? बायको जाऊन चार वर्षं झाली. मुली दूर. पक्ष होता, तो आज संपला. उद्या सकाळी उठून हा माणूस कुठे जाणार, हा प्रश्न गेला आठवडाभर माझ्या डोक्यात आहे. सिस्टर लिओकेडिया म्हणायच्या, गौरवाच्या भाषणात उत्तर नसलेला प्रश्न विचारू नये. म्हणून उत्तर घेऊनच आले आहे. खरं तर ते मला आज इथे येताना गाडीत मिळालं.

लिओ गाडी चालवत होता. गिरणीच्या वळणाशी म्हणाला, "गुरुवारी पत्त्यांना चौथा कोणी नाही."

मी म्हटलं, "ऑगस्टपासून नाही."

"विचार त्याला."

"तूच विचार की."

"तुझ्या हातात माइक असणारच आहे," लिओ म्हणाला.

तर अध्यक्षांच्या परवानगीने मी विचारते. ऑर्व्हिल डेलफॉस, गुरुवारी संध्याकाळी, जेवणानंतर, आमच्याकडे. येणार का? अरे, नुसती मान हलवू नकोस, शेवटच्या रांगेतून दिसत नाही. मोठ्याने बोल.

ऐकलंत ना सगळ्यांनी? लिओ, तो विचारतोय, येताना काही आणू का.

काय? जरा मोठ्याने. हो, हो, सांगते.

ऑर्व्हिल, लिओ म्हणतो, तूच ये, बाकी काही नको. आणि कोट काढून ठेवतोय म्हणतो, इथे उकडतंय.

मंडळी, एवढा वेळ तुम्ही कॉफी गार होऊ दिलीत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. नवरा-बायकोत बोलायचं काही मी सभेत बोलले, काही नावं घेतली, काही घ्यायची राहिली. जे कमी-जास्त झालं असेल ते आपल्याच घरातल्या बाईचं म्हणून पोटात घाला. धन्यवाद. आता कोणीतरी पुढे होऊन ऑर्व्हिलला रुमाल द्या. माझा मला लागतोय.